परतीची गाडी आणि फुटबॉलचे मैदान

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर मुलींचा आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना झाला. आम्ही दोघे मराठी शिकवणारे. मैदानाशी आमचा संबंध एरवी स्नेहसंमेलनापुरताच. पण क्रीडा शिक्षकांनी 'वर्गाला घेऊन या, मुलींना बरे वाटेल' असे म्हटले आणि आम्ही गेलो. चार वाजता सामना सुरू झाला तेव्हा चुन्याच्या रेघेबाहेर दोन-अडीचशे माणसे सहज असतील. मुली होत्या, मुले होती, रस्त्यावरून जाता जाता थांबलेले शेतकरी होते, आणि संघातल्या एका मुलीची आई धाकट्या मुलाला घेऊन तालुक्यातल्या खेड्यावरून मुद्दाम आली होती. आरडाओरडा भरपूर चालला होता. ऑफसाइड म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हते, आणि त्यामुळे कुणाचे काही अडतही नव्हते.

मध्यंतर झाले आणि मैदानाच्या कडेची माणसे दप्तरे उचलू लागली. 'सर, गाडी चुकी जाई,' एक विद्यार्थिनी जाता जाता म्हणाली. दहा मिनिटांत मैदानाची एक पूर्ण बाजू रिकामी झाली. खेड्यावरून आलेली ती आईही निघाली. तिच्या गावाची मुक्कामी गाडी त्यानंतर दुसरी नव्हती. उत्तरार्ध पाहायला उरले ते मोटारसायकल असलेले मुलगे, वसतिगृहातील काही जण आणि आम्ही. सामना संपायला थोडा वेळ असताना त्याच आईच्या मुलीने गोल केला. तो पाहणारी माणसे तिशीच्या आतबाहेर असतील.

दुसऱ्या दिवशी शिक्षककक्षात चर्चा झाली, आणि निष्कर्ष ठरलेला होता : खानदेशात फुटबॉल रुजत नाही, इथल्या माणसाला क्रिकेट आणि कुस्ती यांपलीकडे गोडी नाही. आम्हाला तो निष्कर्ष पटला नाही. गोडी नसलेला माणूस मध्यंतरापर्यंत तरी कशाला थांबेल? अर्धा सामना पाहिलेल्या माणसाची आवड अर्धी होती असे म्हणायचे, की त्याला मिळालेला वेळच अर्धा होता असे म्हणायचे? खेळाच्या प्रेक्षकसंख्येचा इतिहास आपण नेहमी आवडीचा, अस्मितेचा, फार तर तिकिटाच्या किमतीचा इतिहास म्हणून वाचतो. त्यात एक पान राहून जाते. ते पान परतीच्या गाडीचे आहे. मैदानावर कसे पोहोचायचे हा प्रश्न माणूस कसाही सोडवतो. घरी कसे जायचे हा प्रश्न त्याला सोडवता आला नाही की तो मैदानावर येतच नाही, किंवा आला तरी मध्येच उठतो.

एरंडोलकरांना हे वेगळे सांगायला नको. लोकपरंपरेत आमचे गाव म्हणजे महाभारतातील एकचक्रानगरी. या गावाची सर्वांत जुनी कथाच एका गाडीची आहे : अन्न भरलेला गाडा जायचा, आणि सोबत गेलेला माणूस परत यायचा नाही. भीमाने ती रीत मोडली. पण भीम आणि बकासुर यांची कुस्ती पाहायला एकही नागरिक हजर नव्हता. सकाळी वेशीपाशी पडलेले धूड पाहूनच गावाला निकाल कळला. असो.

आता थोडे दूरचे पाहू. आधुनिक फुटबॉल जिथे प्रेक्षकांचा खेळ झाला त्या इंग्लंडमध्ये खेळाच्या नियमांइतकेच महत्त्व दोन गोष्टींना होते. पहिली शनिवारची अर्धी सुट्टी. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने स्त्रिया आणि अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला संपवले, आणि हळूहळू ती सवलत गिरण्या-कारखान्यांत सर्वांनाच मिळत गेली. दुसरी गोष्ट रेल्वे, आणि तिच्या पाठोपाठ आलेली ट्राम. १८८८ साली बारा क्लबांची लीग उभी राहिली. एका गावच्या संघाने दुसऱ्या गावी जाऊन खेळायचे आणि रात्री घरी यायचे, ही कल्पना वेळापत्रकाने धावणाऱ्या आगगाडीशिवाय कुणाच्या डोक्यात आली असती असे वाटत नाही. नव्वद मिनिटांचा खेळ हा मुळातच घड्याळाचा खेळ आहे, आणि ते घड्याळ स्थानकावरच्या घड्याळाशी जुळलेले होते.

या संदर्भात आर्सेनल क्लबची कथा सांगण्याजोगी आहे. १८८६ मध्ये वूलविचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातील कामगारांनी हा क्लब काढला. त्याचे मैदान लंडनच्या आग्नेय टोकाला प्लमस्टेडमध्ये होते. उरलेल्या लंडनला तिथे जाणे-येणे म्हणजे एक लांबलचक प्रवास होता. प्रेक्षक आटले, पैसा आटला आणि १९१० मध्ये क्लब बुडीत निघाला. हेन्री नॉरिस या नव्या धन्याने १९१३ मध्ये एक धाडस केले : क्लबच उचलून त्याने नदीपलीकडे उत्तर लंडनमधील हायबरीत नेला. वूलविचच्या जुन्या चाहत्यांना ते रुचले नाही, आणि हायबरीच्या आसपासच्या क्लबांनाही रुचले नाही. परंतु हायबरीच्या मैदानाला खेटून गिलेस्पी रोड हे भुयारी रेल्वेचे स्थानक होते. ते १९०६ मध्ये सुरू झाले होते, आणि तिथून शहराच्या मध्यभागी जायला थोडीच मिनिटे लागत. प्रेक्षक वाढले. पुढे हर्बर्ट चॅपमन या व्यवस्थापकाच्या आग्रहावरून १९३२ मध्ये त्या स्थानकालाच आर्सेनलचे नाव दिले गेले. आधी क्लब स्थानकापाशी गेला, आणि मग स्थानकाने क्लबचे नाव घेतले. गावाच्या अभिमानातून जन्मलेला क्लब गाव सोडून स्थानकाच्या आश्रयाला जातो, ही गोष्ट भावनेला टोचणारी आहे. पण इतिहासात भावनेपेक्षा वेळापत्रक वरचढ ठरल्याची अशी उदाहरणे कमी नाहीत.

आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध सामना २९ जुलै १९११ चा. आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव केला. अनवाणी खेळणारे भारतीय, बूट घातलेले गोरे, वंगभंगानंतरचा बंगाल : हे सारे वारंवार लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र त्या दिवशी कलकत्त्याच्या मैदानावर जी प्रचंड गर्दी उसळली ती केवळ कलकत्त्याची नव्हती. ईस्ट इंडियन रेल्वेने खास गाडी सोडली होती, हुगळीवर जादा स्टीमर चालवले गेले होते, आणि शहरातल्या ट्रामगाड्या होत्याच. लांबवरच्या ज्यांना मैदान दिसत नव्हते त्यांच्यासाठी पतंग उडवून गोलसंख्या कळवली गेली, हा तपशील सगळे सांगतात, कारण तो मोहक आहे. खास गाडीचा तपशील मोहक नाही. पण राष्ट्रीय भावना घरी बसून जागत नसते, तिला मैदानापर्यंत आणणारे आणि परत नेणारे काहीतरी लागते. परकीय सत्तेच्याच रेल्वेने परकीय सत्तेचा पराभव पाहायला माणसे आणली, यातला विरोधाभास कुणा कथाकाराच्या हाती लागायला हवा होता.

त्याच शहरातील एक अलीकडची नोंद. सॉल्ट लेकचे विशाल क्रीडांगण १९८४ मध्ये उभे राहिले, आणि त्याच्या नावाच्या स्थानकापर्यंत मेट्रो पोहोचली ती फेब्रुवारी २०२० मध्ये. मधली छत्तीस वर्षे लोक बसगाड्यांतून, ट्रकांतून, दारात लटकून जात राहिले. ज्या शहराला फुटबॉलचे वेड आहे तिथे माणूस गैरसोय सोसतो. पण वेड रुजण्यापूर्वीच गैरसोय आली तर काय होते, हा आमचा प्रश्न आहे.

मुंबईकडे येऊ. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाचे सामने पुढे कूपरेजवर होऊ लागले. हे मैदान बेटाच्या दक्षिण टोकाला, चर्चगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली, विजेची १९०७ मध्ये; बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची लोकल १९२५ मध्ये आणि चर्चगेट ते बोरिवली ही १९२८ मध्ये धावू लागली. रोव्हर्सच्या सुरुवातीच्या काळात लष्करी पलटणींचेच राज्य होते. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स हा तो चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला, १९४० मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने तो नेला, आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी तो सोडलाच नाही. म्हणजे मैदानावर खेळणारा बदलत होता त्याच दशकांत मैदानावर येणाराही बदलू शकत होता. उपनगरातल्या कारकुनाला संध्याकाळी सामना पाहून रात्रीच्या जेवणाला घरी पोहोचणे ही चैनीची गोष्ट राहिली नव्हती. ट्राम १९६४ च्या मार्चअखेर बंद पडली. लोकल मात्र होतीच. आजही मुंबईतल्या प्रेक्षकाला जे सुख आहे ते मैदानाच्या खुर्चीचे नाही, तर 'ही गेली तर पुढची आहे' या खात्रीचे. इंडियन सुपर लीगमधील मुंबईचा संघ २०१४ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर खेळू लागला आणि २०१६ मध्ये अंधेरीच्या लहान मैदानावर गेला. दोन्हींकडे रेल्वे जवळ. अंधेरीला तर २०१४ पासून मेट्रोचे आझाद नगर स्थानक हाकेच्या अंतरावर. साडेसातला सुरू होणारा सामना तिथे कुणी साडेआठला सोडून जात असेल, तर तो संघावर चिडून जातो. गाडीसाठी नव्हे.

याउलट पुण्याचे बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी शहराच्या कडेला बांधलेले हे संकुल भव्य आहे यात वाद नाही. पण रात्रीचा सामना संपल्यावर पेठेतल्या माणसाला घरी जायचे तर स्वतःचे वाहन असलेले बरे, ही त्या मैदानाची बरीच वर्षे प्रकृती राहिली. आपल्याकडे क्रीडासंकुल बांधताना जमीन स्वस्त कुठे मिळते हे आधी पाहतात, आणि प्रेक्षक त्या जमिनीपर्यंत जाणार कसा हे उद्घाटनानंतर. जिल्हा आणि तालुका पातळीवरची संकुले पाहिली तर हा नियम अधिकच ठळक दिसतो.

इथे एक जाणकार वाचक आम्हाला अडवील, आणि त्याने अडवावेच. कोल्हापूरचे काय? तिथे ना लोकल, ना मेट्रो, ना भुयारी रेल्वे. तरी शाहू क्रीडांगणावर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम, दिलबहार आणि बालगोपाल यांचे सामने पाहायला हजारोंनी माणसे लोटतात. क्वचित मारामारीही होते, म्हणजे आवड किती खोल आहे याचा पुरावा मिळतो. मग वाहतुकीचा संबंध कुठे राहिला? आमचे उत्तर असे की कोल्हापूर हे अपवाद नसून त्याच नियमाचे दुसरे टोक आहे. तिथे संघ पेठेचा आहे, तालमीचा आहे, आणि मैदान पेठांच्या कुशीत आहे. चारचा सामना पाहून माणूस सहाला पायी घरी जातो. ज्याला परतीची गाडीच लागत नाही, त्याची गाडी चुकणार कशी? राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभे राहिलेले खासबागचे कुस्ती मैदानही असेच, गावाच्या मध्यात. गोव्यातही वाड्यावाड्यांचे संघ आणि गावोगावची मैदाने यांमुळे स्थानिक सामन्यांना पायी येणारा प्रेक्षक मिळत आला. पायी पोहोचता येणारे मैदान, नाही तर सतत धावणारी गाडी : यांपैकी एक तरी हवे. खानदेशातील तालुक्याच्या गावी आमचे प्रेक्षक बारा-पंधरा खेड्यांत विखुरलेले आहेत, आणि म्हणून पहिला पर्याय आम्हाला नाही.

दुसरा का नाही, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. एरंडोल हे अंजनी नदीकाठचे, हातकागदाच्या धंद्यासाठी एकेकाळी नावाजलेले गाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशात आली ती चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी. एरंडोल तिच्या वाटेत नव्हते. आमचे जवळचे स्थानक म्हसावद, सुमारे चौदा किलोमीटरवर. शतकाच्या शेवटी सुरतेकडून तापी खोऱ्यातली रेल्वे आली ती अमळनेर, धरणगाव करत जळगावला गेली. आम्ही दोन रुळांच्या मधोमध राहिलो. भुसावळ हे रेल्वेचे मोठे ठाणे झाले, तिथे वसाहत उभी राहिली. अमळनेरला गिरणी आली, साने गुरुजी ज्या शाळेत शिकवत ती शाळा आली, आणि १९५२ व २०२४ अशी दोन साहित्य संमेलनेही झाली. आम्हाला महामार्ग मिळाला. सुरतेहून पूर्वेकडे जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आताचा ५३, एरंडोलवरून जातो. पण महामार्ग हा जाणाऱ्यांचा असतो. जळगाव तीस किलोमीटरवर आणि धुळे साठ-पासष्टवर अशा त्या रस्त्याने दिवसभर हजारो वाहने धावतात, आणि त्याच रस्त्यापासून सात-आठ किलोमीटर आत असलेल्या खेड्याला संध्याकाळनंतर गाडी नसते. खानदेशातली दळणवळणाची खरी दरी जळगाव-मुंबई अशी नाही. ती हमरस्ता आणि फाटा यांच्यामधली आहे.

आणि तरीही खानदेशी माणूस गर्दी करत नव्हता असे नाही. तो तुडुंब गर्दी करत होता. जत्रेतली कुस्त्यांची दंगल, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, अमळनेरचा सखाराम महाराजांचा रथ, रात्रभराचा तमाशा. या साऱ्यांची घडण नीट पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. दंगल बाजाराच्या दिवशी दुपारी सुरू होते, आणि प्रेक्षक येतो तो स्वतःच्या बैलगाडीने. बैलगाडीचा मोठा गुण असा की ती धन्यासाठी थांबते. शेवटची मोठी कुस्ती लांबली तर बैल कडबा खात उभे राहतात. चुकण्याचा प्रश्नच नसतो. आणि तमाशा रात्रभर का चालतो, याची कलेच्या अंगाने दिलेली उत्तरे आम्ही वर्गात शिकवतो. गण, गवळण, बतावणी, वग असा क्रम असल्यावर रात्र लागणारच. पण आमचा एक तर्क आहे, आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा : मध्यरात्री घरी जायला ज्याला साधन नाही त्या प्रेक्षकाला पहाटेपर्यंत धरून ठेवणे हे त्या कलेला सोयीचे होते, आणि प्रेक्षकालाही. जागराच्या कीर्तनाचेही तेच. ग्रामीण करमणुकीचे आकार परतीच्या साधनांनी ठरवलेले आहेत. नव्वद मिनिटांत संपणारी गोष्ट त्या आकारांत बसत नाही.

खानदेशात आधुनिक काळात जमलेली सर्वांत मोठी गर्दी कदाचित डिसेंबर १९३६ ची असेल. फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, ग्रामीण भागातले पहिलेच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची. जवळचे रेल्वे स्थानक सावदा. तिथून पुढे माणसे बैलगाडीने आणि पायी आली. त्यासाठी काय करावे लागले? तिलकनगर नावाची अख्खी तात्पुरती वस्ती उभारावी लागली. आलेला माणूस रात्री घरी जाऊ शकत नाही, हे गृहीत धरूनच ते अधिवेशन आखलेले होते. ध्येयवाद तर होताच. पण आयोजकांना प्रेक्षकाच्या परतीचा हिशेब कळत होता, हेही त्यात दिसते. फुटबॉलच्या सामन्यासाठी कुणी वस्ती उभारणार नाही, आणि उभारू नये.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली, आणि पुढच्या तीन-चार दशकांत एसटीने खेड्यांपर्यंत जे पोहोचवले त्याचा पुरता हिशेब मराठी साहित्याच्या इतिहासकारांनी अजून मांडलेला नाही. टपाल, वर्तमानपत्र, शिक्षक, पाहुणे, आणि नव्या जगाकडे निघालेला खानदेशी मुलगाही. 'कोसला'चा नायक सांगवीहून पुण्याला जातो आणि परत येतो. त्या कादंबरीचा अर्धा ताण त्या येण्याजाण्यात आहे. एरंडोलला आगार आहे आणि तिथून सुटणारी मुक्कामी गाडी ही आमच्या संध्याकाळची शेवटची घटना. ही गाडी सायंकाळी खेड्यावर जाते, चालक-वाहक तिथेच देवळात नाही तर ग्रामपंचायतीत झोपतात, आणि पहाटे ती शाळा-कॉलेजची मुले, दवाखान्याचे रुग्ण, बाजाराचा भाजीपाला घेऊन तालुक्याला परतते. योजना फार शहाणपणाची आहे. पण तिची दिशा पाहा : खेड्याने सकाळी गावाकडे यायचे आणि दिवे लागायच्या आत परत जायचे. कामासाठी आलेल्या माणसाचा तो आराखडा आहे. पाहायला आलेल्या माणसाला त्यात जागा नाही.

ती पोकळी पुढे काळी-पिवळी जीपने भरली आणि नंतर मोटारसायकलने. दोन्हींमुळे गर्दीची संख्या कदाचित भरून निघाली असेल, पण तिचे रूप बदलले. काळी-पिवळी भरल्याशिवाय सुटत नाही. अंधार पडल्यावर भरेल की नाही याची शाश्वती नाही, आणि त्यात एकटी मुलगी बसेल का हा आणखी वेगळा प्रश्न. मोटारसायकल घरात एकच, आणि ती मुलाकडे. म्हणून तालुक्याच्या कुठल्याही मैदानावर संध्याकाळी पाचनंतर पाहिले तर प्रेक्षक म्हणजे अठरा ते तीस वयाचे पुरुष असतात. आपण म्हणतो, बायकांना खेळात रस नाही. आमच्या त्या सामन्यात खेळणाऱ्या बावीसही मुली होत्या, आणि उत्तरार्धात कडेला उभ्या असलेल्यांत मुली जवळपास नव्हत्याच. रस मैदानात होता, गाडी आगारात होती.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल आम्हाला सहानुभूती होती, आजही आहे. पण त्या महिन्यांत वर्गात कोण दिसेनासे झाले हे आम्ही रोज हजेरी घेताना पाहत होतो. पासावर येणाऱ्या मुली आधी दिसेनाशा झाल्या. मुलांनी कुणाच्या तरी मागे बसून यायची सोय केली. मैदानाचा विचारच नको. सार्वजनिक वाहतूक सुधारली तर प्रेक्षकांवर काय परिणाम होईल, हे कल्पनेने सांगावे लागते. ती थांबली तर कोण सर्वांत आधी घरी बसते, हे त्या हिवाळ्याने आम्हाला प्रत्यक्ष दाखवले.

१७ मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीचे तिकीट निम्म्या दरात मिळू लागले. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांचा प्रवास मोफत झाला होता. बसस्थानकावरच्या रांगेत त्याचा फरक डोळ्यांना दिसतो : माहेरी जाणाऱ्या, बाजाराला येणाऱ्या, देवाला निघालेल्या बायका पूर्वीपेक्षा मोकळेपणाने गाडीत चढतात. मग मैदानावर का दिसत नाहीत? कारण सवलत पैशाची आहे, वेळेची नाही. सव्वापाचची गाडी अर्ध्या तिकिटात मिळाली तरी ती सव्वापाचचीच राहते. जर्मनीत बुंडेसलिगाच्या अनेक क्लबांच्या सामन्याच्या तिकिटातच त्या दिवसाचा स्थानिक बस-रेल्वेचा प्रवास धरलेला असतो, आणि २०२२ च्या विश्वचषकात कतारने तिकीटधारकांना दोहाची मेट्रो मोफत दिली. ही उदाहरणे वाचून आपल्याकडे लगेच 'मोफत' हा शब्द उचलला जाईल. पण त्या दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाला खरा लाभ झाला तो सामना संपल्यावर गाडी असण्याचा. एरंडोलच्या बाबतीत निवड करायची झाली तर आम्ही भाड्यातल्या आणखी सवलतीऐवजी साडेसातची एक फेरी मागू.

दूरचित्रवाणी आणि मोबाईल यांनी मैदानाचा प्रेक्षक पळवला, हा आक्षेप उरतो. १९८६ चा मेक्सिकोचा विश्वचषक दूरदर्शनवर पाहून आमच्या पिढीतल्या कित्येकांनी मॅराडोनाला देव मानले, हे खरे. तोवर फुटबॉल हा शब्द आमच्याकडे शाळेच्या खो-खोच्या मैदानावर लाथाडायच्या कुठल्याही चेंडूला वापरत. म्हणजे पडद्याने आवड निर्माण केली. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाच्या निमित्ताने, राज्यभर दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळावा असा शासनाचा उपक्रम झाला. त्या दिवशी शाळाशाळांत चेंडू आले, आणि त्यातले बरेच अजून शिल्लक आहेत. २०२२ मध्ये महिलांची आशियाई स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाली, त्याच वर्षी मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना नेरुळला झाला. आमच्या मुलींनी तो मोबाईलवर पाहिला. खेळ पाहण्याची सवय त्यांना आहे. ज्या मुलीने रात्री जागून परदेशातला सामना पाहिला तिलाच आपल्या मैत्रिणीचा सामना अर्ध्यावर सोडावा लागतो, हे आम्हाला विचित्र वाटते.

गेल्या वर्षी आम्ही एक प्रयोग केला. क्रीडा शिक्षकांशी बोलून सामना सकाळी अकराला ठेवला. तासिका बुडाल्या, त्याबद्दल काही सहकाऱ्यांनी आमच्याशी दोन दिवस अबोला धरला. प्रेक्षक मात्र शेवटपर्यंत थांबले, आणि बाजू रिकामी झाली नाही. फक्त त्या मुलीची आई आली नाही. ती त्या वेळी कापूस वेचत होती, आणि डिसेंबरात वेचणीची मजुरी बुडवून खेळ पाहायला जा असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. शेतावरून सुटून ती तालुक्याला पोहोचू शकते ती साडेतीनपर्यंत. म्हणजे दुपारचा सामना तिच्या येण्याला जुळतो आणि जाण्याला जुळत नाही. सकाळचा सामना गाडीला जुळतो आणि तिला जुळत नाही.

यंदा संघाच्या मुलींनीच सामना पुन्हा चारला घ्यायला सांगितले आहे. मुक्कामी गाडी अर्धा तास उशिरा सोडता येईल का, असा एक अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. त्यावर सतरा खेळाडू आणि अकरा पालकांच्या सह्या झाल्या आहेत. सह्यांमध्ये चार अंगठे आहेत.